गोळ्या नियमित घेत होती

डॉक्टर सुमेधाच्या नावावर वीस-बावीस शोधनिबंध आहेत. दवाखान्यात त्यांना कुणी शोधनिबंध म्हणत नाही, पेपर म्हणतात, तेव्हा आपणही पेपरच म्हणू या. निम्मे पेपर बीपीवर. निम्मे तापांवर आणि साथींवर, म्हणजे डेंग्यू, टायफॉईड, टीबी असल्या दुखण्यांवर. आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. पण हैदराबादच्या त्या सरकारी दवाखान्यात खात्याखात्यांत भाऊबंदकी अशी, की बीपीवाले म्हणायचे ह्या बाई तापाच्या आणि तापवाले म्हणायचे ह्या बाई बीपीच्या. बढतीच्या मुलाखतीत एका बड्या साहेबांनी तिच्या पेपरांची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कशाच्या डॉक्टर?"

"माणसाच्या, सर," सुमेधा म्हणाली. "माणसाला दोन्ही होतं."

बढती हुकली. तोंड आवरलं असतं तर मिळालीही असती, पण तोंड आवरायची रीतच त्या घरात नाही. तिची आई भागूबाई तर कुणाच्या बापाला भीत नाही. मूळची नांदेडकडची. नवरा किशनराव नामपल्ली स्टेशनात पार्सलच्या कामाला लागला, त्याच्यामागून ती हैदराबादेत आली, आणि तिच्या बोलीत इथली दखनी उर्दू अशी काही मिसळली की गावाकडचे नातलग तोंडाला पदर लावून हसायचे. हसू देत! तिला रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी आणि थेट मोठ्या डॉक्टरांशी भांडता येतं, अजून काय पाहिजे? आता ती कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत लेक-जावयापाशी राहते. जावई धम्मानंद विमा कंपनीत आहे आणि सासू-बायकोच्या मध्ये पडत नाही, यावरून त्याची हुशारी ओळखावी.

किशनरावांनी घरात एक नेम घालून दिला होता. लेकीचा पेपर छापून आला की तिनं तो घरी आणायचा, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर ठेवायचा आणि मग आईला मराठीत समजावून सांगायचा. किशनराव गेले, नेम राहिला. भागूबाई पदर सावरून बसणार, सगळं कान देऊन ऐकणार आणि शेवटी दर वेळी तेच विचारणार, "समदं बेस झालं. पण ह्याच्यात माणूस कुठाय गं?"

"आई, हजारभर माणसं आहेत ह्यात."

"ते आकडे झाले. माणूस कुठाय?"

सुमेधाला राग यायचा. दोन-दोन वर्षं राबून पेपर लिहावा आणि आईनं असं म्हणावं! पण अप्पारावचं प्रकरण झालं आणि तो प्रश्न तिच्या मनातून हलेना.

अप्पाराव अफझलगंजच्या बाजारात धान्याच्या दुकानी कामाला होता. त्याला टीबी झाला, उपचार सुरू झाले, खोकला थांबला, वजनही भरायला लागलं. बीपी मात्र चढतच गेलं. बीपीच्या खिडकीवर त्याला दर खेपेला बोलणी बसायची, "गोळ्या घेत नाहीस तू. उगाच आमचा टाइम खातोस." तो नुसती मान खाली घालायचा. एके सकाळी त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्याची बायको तारामती वॉर्डाच्या दारात सुमेधाचा हात धरून म्हणाली, "म्याडम, मी माझ्या हातानं गोळी द्यायची. चहाच्या आधी, रोज. कुणीच ऐकंना माझं."

सुमेधानं ऐकलं. टीबीच्या औषधांत एक लाल औषध असतं. ते पोटात गेलं की यकृत जोरात कामाला लागतं आणि बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या गुण यायच्या आतच अंगातून धुऊन काढतं. हे पुस्तकात आहे. विद्यार्थी घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण टीबीवाले बीपी मोजत नाहीत, बीपीवाले टीबीचं विचारत नाहीत, आणि मधल्या मध्ये अप्पारावसारखे किती जण सापडतात हे कुणी पाहिलंच नव्हतं. पाहायला दोन्ही घरचं माणूस पाहिजे. ते दवाखान्यात एकच होतं आणि ते नेमकं हट्टी होतं. सुमेधानं दोन वर्षं दोन्ही खिडक्यांवर उभं राहून पेशंट तपासले आणि पेपर पाठवला.

उत्तर आलं. परदेशातल्या मासिकासाठी पेपर तपासणारा भलताच सभ्य भाषेत लिहीत होता: काम चांगलं आहे, मेहनत दिसते, परंतु हे रुग्ण बीपीच्या गोळ्या मुळात घेतच नसावेत, ही शक्यता नाकारता येत नाही.

सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तो कागद घेऊन तरातरा डॉक्टर हेमंतच्या खोलीत गेली. हेमंत पुण्याचे, बीपी खात्याचे प्रमुख. माणूस सज्जन, पण शंका काढल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा पुसला.

"चिडू नका सुमेधा. मुद्दा बरोबर आहे त्याचा. पेशंट खोटं बोलतात. मीसुद्धा माझ्या डॉक्टरला सांगतो की रोज चालायला जातो."

"तारामती खोटं बोलत नव्हती."

"मग सिद्ध करा."

आता प्रश्न बढतीचा उरलाच नव्हता. तो पेपर छापून आला, तर टीबीच्या प्रत्येक पेशंटचं बीपी मोजायचा आणि वेळीच गोळी बदलायचा नियम होणार होता. नाही आला, तर तारामती कायमची खोटारडी, आणि पुढचा अप्पाराव कुठल्या तरी खिडकीवर आत्ताच मान खाली घालून उभा असणार. हे सुमेधाला सहन होत नव्हतं. पण सिद्ध करायचं कसं? ज्याला दोन्ही दुखणी आहेत आणि जो विश्वासाच्या माणसादेखत रोज गोळी गिळतो, असा पेशंट पाहिजे. पेपरातल्या पेशंटांची टीबीची औषधं संपून गेली होती, आणि नवे पेशंट तर बीपीच्या खिडकीवर टीबीचं नावही काढत नव्हते. बायका तर मुळीच नाहीत. शेजारीण मागे उभी असते ना!

इकडे घरी वेगळीच पीडा. भागूबाईचं बीपी कित्येक वर्षं एका गोळीवर गुमान बसलेलं होतं, ते त्या पावसाळ्यात उसळलं. सुमेधानं डोस वाढवला. फरक नाही. पुन्हा वाढवला. तरी नाही. मग ती स्वयंपाकघरावर घसरली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, पापड बंद झाले, ठेच्यातलं मीठ निम्म्यावर आलं. भागूबाई एरवी ह्यावरून घर डोक्यावर घेती, पण ती गप्प होती. तिनं यंदा वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताचा, नेम कडक धरला होता म्हणे. स्वतःचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, जेवण बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, झोपायचंही तिथंच. सुमेधाला वाटलं, वय झालं, धम्माकडे ओढ लागली, चांगलंच आहे. नाही तरी तिचं सगळं लक्ष त्या पेपरात होतं.

एका सकाळी मशीनवर पुन्हा तोच वरचा आकडा आला आणि सुमेधाचा तोल सुटला.

"आई, खरं सांग. गोळी जिभेखाली धरतेस आणि मागून थुंकतेस का?"

भागूबाईनं लेकीकडे पाहिलं. "मी थुंकते?"

"मग बीपी उतरत कामून नाही? मी माझ्या हातानं गोळी देते तुला. रोज देते. घेत नसशील, दुसरं काय?"

खरं तर ह्या बाईच्या तोंडून एखादं खणखणीत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. ती उठली, आपलं ताट स्वतः घासून पालथं घातलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. धम्मानंदनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सुमेधा पर्स उचलून तणतणत दवाखान्यात गेली, आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. विहारात वंदनेला जायचं म्हणजे पांढरी साडी. भागूबाईची साडी-पोलकं सुमेधाच दर वर्षी कडक इस्त्री करून द्यायची. तिनं आदल्या दिवशी दोरीवरचं वाळलेलं पोलकं उलटं केलं आणि हात तिथंच थांबला. काखेत दोन्हीकडे नारिंगी डाग. तिनं साडीचा पदर उलगडला. डोळे पुसायचं टोकही फिकट नारिंगी.

हळद नव्हे, गंज नव्हे. तो रंग सुमेधा रोज पाहत होती. टीबीच्या त्या लाल औषधानं घाम, आसवं, लघवी, सगळं असंच रंगतं; पेशंट घाबरून विचारतात आणि ती त्यांना हसून सांगते की काळजी करू नका. ती पोलकं तसंच हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

"आई, कधीपासून?"

भागूबाईनं पोलक्याकडे पाहिलं.

"तू चेन्नईला ट्रेनिंगाला गेली व्हतीस ना, तवा. खोकला जाईना. अफझलगंजाकडं सरकारी केंद्र हाय, तिथं गेले. पत्ता भामाचा दिला." भामा म्हणजे विहारातली तिची मैत्रीण. "औषध नेमानं घेते. एकबी दिवस चुकवला नाही."

"बीपीच्या गोळीचं सांगितलंस त्यांना?"

"नक्को म्हणलं. बीपी म्हणलं की कोण गोळ्या देतं म्हणून विचारतील. मंग तुझं नाव निघतंय."

"अगं, पण मी टीबीचीच डॉक्टर आहे! मला सांगायचं नाही? मला?"

"तुलाच तर सांगायचं नव्हतं."

आणि मग भागूबाई बोलली. तिची आई क्षयानं गेली होती, गोठ्याशेजारच्या खोपटात. भागूबाई तेव्हा परकरी पोर. गावानं तर त्यांच्या वस्तीला आधीच दूर ठेवलेलं, पाणीसुद्धा वरून ओतायचे. पण क्षय झाला आणि घरच्यांनीही तेच केलं. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि काठीनं आत सरकवायचं. ती काठी भागूबाईच्याच हातात द्यायचे.

"मायच्या ताटाला मी काठी लावली गं," ती म्हणाली. "तुझ्या हातानं माझं ताट सरकलं असतं तर मी टीबीच्या आधी मेले असते. म्हणून मीच वेगळं केलं. दुसऱ्या कुणी करायच्या आत."

म्हणजे वर्षावास तो नव्हताच. जन्मभर ज्या वेगळ्या ताटापायी ती जगाशी भांडली, ते तिनं आपल्या हातानं स्वतःपुढे मांडलं होतं, लेकीच्या डोळ्यांसमोर, कितीतरी दिवस. आणि टीबीवर पेपर लिहिणाऱ्या लेकीला ते दिसलं नव्हतं. उलट लेक म्हणाली होती, घेत नसशील. त्या तपासणाऱ्याचंच वाक्य, शब्दाला शब्द. फरक इतकाच की त्यानं सभ्य भाषेत लिहिलं होतं. सुमेधाला ते आठवलं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

तिनं माफी मागितली नाही. त्या घरात माफी मागायची पद्धत नाही. ती आत गेली, कुकरमधला भात आणि आमटी घेऊन आली, आईच्याच ताटात वाढली, खाली बसली आणि त्याच ताटात कालवून खाऊ लागली.

"अगं ए! बावळट! रोग लागंल!"

"ताटानं लागत नाही. आणि इतक्या दिवसांच्या औषधानंतर तुझ्यापासून कुणालाच लागत नाही. जेव."

भागूबाईनं बराच वेळ हात लावला नाही. मग हळूच एक घास उचलला. "आमटीत मीठ नाही," ती म्हणाली, आणि दोघी रडत-हसत जेवल्या.

जेवताना सुमेधानं लाल औषधाचं, तारामतीचं आणि तपासणाऱ्याच्या पत्राचं सगळं सांगितलं. ताट रिकामं झाल्यावर भागूबाईच म्हणाली, "त्या तुझ्या तपासणाऱ्याला पाहिजे व्हता ना पेशंट? गोळी गिळताना बघितलेला? मी हाय की. तू सवता दिलीस. माझं लिही."

"आई, लोकांना कळू नये म्हणून इतकं केलंस आणि आता लिही म्हणतेस?"

"तवा मला काय माहीत, लपवल्यानं बाकीच्या बाया खोट्या ठरायल्यात म्हणून! लिही म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी विहारातून सुमेधा तिला थेट हेमंतच्या ओपीडीत घेऊन गेली. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्याही करून घेतल्या. कुणाला काही नव्हतं. हेमंतनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"स्वतःची आई? सुमेधा, कोण मानेल हे?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलंय. मी बाजूला होते. तुमच्या वॉर्डात ठेवा, तुमच्या नर्सच्या हातून गोळी द्या, रक्तातलं औषध तुम्ही मोजा. घेत नसेल तर तसं लिहा."

"हौ, आन् तोंड उघडूनबी बघा," भागूबाई म्हणाली. "थुंकते म्हणे मी."

हेमंतनं खरंच तोंड उघडायला लावून पाहिलं. शंकेखोर माणूस, पण कामाला चोख. रक्ताचा रिपोर्ट आला. एवढ्या मोठ्या डोसचं औषध रक्तात जेमतेम नावापुरतं होतं. त्यांनी त्याच दिवशी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली, जिला त्या लाल औषधाचा उपद्रव होत नाही. बीपी हळूहळू उतरायला लागलं. हेमंत स्वतः चालत सुमेधाच्या टेबलापाशी आले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पण एका पेशंटनं काही होत नाही. अजून आणा. माझ्या वॉर्डात जागा देतो."

पण आणायचे कुठून? सांगेल कोण? सुमेधानं खिडकीवर पाटी लावली: टीबीची औषधं चालू असतील तर सांगा. तेलुगू, उर्दू, मराठी, तिन्ही भाषांत. लोक पाटी वाचायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मग भागूबाईच्या तपासणीचा दिवस आला. बीपीच्या खिडकीसमोरचा बाक बायकांनी खचाखच भरलेला. भागूबाई मधोमध बसली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पाटीकडे बघितलं आणि उभी राहिली. भाषण देते तशी नव्हे, भाजीवाल्याशी भांडते तशी.

"ए अम्मा लोगां, इदर सुनो! मेरेको टीबी है. बीपी बी है. वो अंदर बैठी ना डाक्टर, मेरीच बेटी है. उससे बी छुपाई मैं. दिमाग खराब था मेरा! छुपाई तो बीपी की गोली कामच नई करी. लकवा मारता था मेरेको. तुम लोगां नक्को छुपाओ."

शेजारची बाई जराशी सरकली, हे भागूबाईनं पाहिलं. आतून दाराशी आलेल्या सुमेधानंही पाहिलं. भागूबाई हलली नाही. "सरक बाई, सरक," ती म्हणाली, "मला ऐसपैस बसता येतंय." आणि खरोखरच पाय पसरून बसली.

मागच्या भिंतीला टेकलेली एक बुरखेवाली म्हातारी पुढे आली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसली. "मेरेको बी है," ती म्हणाली. थोड्या वेळानं एका तरुण बाईनं सुमेधाला खुणेनं बाजूला बोलावलं. तिच्या सासऱ्यांना होतं. त्यानंतर भागूबाई दर आठवड्याला बाकावर येऊन बसू लागली. तपासणी असो नसो. पाटीनं जे झालं नाही ते त्या तोंडानं झालं. हेमंतचा वॉर्ड भरला, नर्सच्या हातून गोळ्या दिल्या गेल्या, रक्तं मोजली गेली, आणि एकामागून एक तेच निघालं जे तारामती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

पेपर पुन्हा गेला. पुन्हा शंका आल्या, पुन्हा उत्तरं गेली. सुमेधानं दम सोडला नाही. भागूबाईची टीबीची औषधं संपली, लोणच्याची बरणी खालच्या फळीवर आली, आणि एक दिवस पेपर छापून आला. दवाखान्यात नियमही निघाला: टीबीच्या प्रत्येक पेशंटचं बीपी मोजायचं, आणि बीपीच्या प्रत्येक पेशंटला टीबीच्या औषधांचं विचारायचं. तसं पाहिलं तर सुमेधाच्या यादीत ही फक्त एक ओळ वाढली. बढतीवाले साहेब अजूनही विचारतील, बाई कशाच्या डॉक्टर. विचारोत बापडे.

नेमाप्रमाणे पेपर घरी आला, फोटोंसमोर ठेवला गेला. भागूबाई पदर सावरून बसली. सुमेधानं आकडे सांगितले, तक्ते सांगितले आणि मग एका परिच्छेदाशी आली.

"पहिली रुग्ण," ती वाचू लागली. "स्त्री, वय सदुसष्ट. टीबीचे उपचार चालू. बीपीच्या गोळ्या घरातील व्यक्ती स्वतःच्या हाताने देत होती. रुग्ण गोळ्या नियमित घेत होती."

"थांब. परत वाच."

"रुग्ण गोळ्या नियमित घेत होती."

"असं छापलंय? इंग्रजीत?"

"हो."

"त्या तपासणाऱ्यानं वाचलं?"

"वाचलं. मान्य केलं."

"आन् तू?"

इतक्या महिन्यांत सुमेधाला जे तोंडानं म्हणता आलं नव्हतं ते आताही येईना. "मीच लिहिलंय आई," ती कशीबशी म्हणाली.

भागूबाईनं मान हलवली. ह्या खेपेला तिनं माणूस कुठाय ते विचारलं नाही. ती उठली, लेकीच्या हातातला पेपर घेतला, नीट घडी केली आणि परत तिच्या हातात दिला.

"तारामतीला वाचून दाखव जा. अप्पारावच्या समोर."

"उद्या जाते, आई. आज रविवार आहे."

"आत्ता जा," भागूबाई म्हणाली आणि चपला शोधायला लागली. "चल, मीबी येते."